जिन्याखालची इस्त्री आणि दोन ओहम

अन्याय झाला तो रायपुरातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या दीदीवर. केव्हा झाला? मंगळवारी सकाळी, दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागून दोन दिवस झाले होते तेव्हा. कोणी केला? आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी. त्या वेळी त्यांच्या अंगावर फक्त एक पंचा होता आणि उजव्या कानामागे साबणाचा फेस होता. हे ऐकीव नाही. मी पहिल्या मजल्यावर राहते, आणि जिन्यात आवाज झाला की दार उघडायला मी कधी आळस केलेला नाही.

झालं असं की चौथ्या मजल्यावर अध्यक्षकाका साबण लावून उभे राहिले आणि नळातून फक्त सूंऽऽ असा आवाज आला. वर टाकी रिकामी. खाली चौकीदाराने पंपाचं बटण दाबलं होतं, पण पंप नुसता घुं घुं करत होता, फिरत नव्हता. जिन्यातला दिवा पिवळा पडला होता. आणि जिन्याखाली दीदी एका शर्टाची कॉलर दाबत होती. काका चार मजले तसेच उतरले, थेट दीदीच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी प्लग खेचून काढला.

"ये इस्त्री पूरी बिल्डिंग का करंट खा जाती है!"

दीदी म्हणाली, "भैया, कॉलर तो हो जाने दो."

कॉलर झाली नाही. पंप मात्र लगेच सुरू झाला. बस, निकाल लागला. प्लग काढला, पंप चालला, म्हणजे इस्त्री चोर. जिन्यात जमलेल्या पाच-सहा जणांनी माना डोलावल्या आणि त्यातल्या एकीने वर जोडलं, "मी म्हणत होते ना, इकडून जळका वास पण येतो." दुपारपर्यंत फलकावर नोटीस लागली: जिन्याखालील इस्त्रीमुळे व्होल्टेज पडतो, पंप चालत नाही, जळका वास येतो, इस्त्री तात्काळ बंद, जागा खाली करण्याबाबत रविवारी सकाळी सभेत निर्णय.

जागा म्हणजे काय, तर साडेपाच फूट लांब, चार फूट रुंद, वर जिना. पण नवतप्यात रायपुरात सावली आणि एक सॉकेट मिळणं म्हणजे काय असतं ते ज्याने दुपारी एक वाजता डांबरी रस्ता ओलांडला आहे त्यालाच विचारा. तिथून निघाली तर दीदीला नाल्याकाठच्या झाडाखाली हातगाडी लावून कोळशाची इस्त्री फिरवायची होती. वर त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन आणि हातात निखारे. माझा शाळेचा पहिला पट्ट्यापट्ट्यांचा स्कर्ट हिनेच दाबला होता. तिच्या विजेला वेगळा छोटा मीटर आहे, ती पैसे भरते, त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप एवढाच की ती सगळ्यांची वीज 'ओढते'.

मी पेटले. माझं पेटणं आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, प्रसिद्ध आहे. मी पत्रकं लिहायला शिकले ती नवा रायपुरला बस मिळावी या मागणीतून. तिथे रस्ते एवढे रुंद आहेत की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस येते तेव्हा तीही ओळखू येत नाही, कारण आपण तिचा चेहराच विसरलेलो असतो. त्या चळवळीत मला एक गोष्ट शिकवली गेली होती: पत्रकात एक तरी आकडा हवा. लोकांना आकड्याची भीती वाटते. मोठा असला तर जास्त वाटते.

आता आकडा आणायचा कुठून? घरातून. माझी आई आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवायची. आता निवृत्त आहे. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत तिचे चेले पसरलेले आहेत. दिवाळीला त्यातले निम्मे घरी येतात आणि पाया पडण्याआधी आमच्या बैठकीतला स्विचबोर्ड वाकून बघतात. आणि ही बाई मंगळवारी काय करत होती, तर लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती.

"आई, तू काहून काही बोलत नाहीस?"

"मले कोणी विचारलं?"

"मी विचारून राहिली ना!"

"तू विचारून नाही राहिली, तू भाषण देऊन राहिली. विचारायचं असन तर लेखी तक्रार आण. काय बिघडलं, कधीपासून, कशाने वाढते, कशाने कमी होते. त्याशिवाय मी पेचकस उचलत नाही."

हा तिचा आयटीआयचा नियम. तिथल्या वर्कशॉपमध्ये कोणी 'मॅडम, पंखा खराब आहे' म्हणत आलं तर ती त्याला कागद द्यायची. मला वाटलं, ही सरकारी सवय आहे, रक्तात गेलेली. अन्याय झालाय आणि बाई फॉर्म मागतेय! मी तिच्या कपाटातून तिचा चिमटा मीटर उचलला आणि बुधवारी सकाळी, जिना रिकामा बघून, दीदीला म्हटलं, "दीदी, पाच मिनट के लिए चालू करो. कानून तोड़ते हैं."

"नोनी, मोला झन फँसा," दीदी म्हणाली, म्हणजे पोरी, मला अडकवू नकोस. पण हसली, आणि प्लग लावला.

चिमटा मीटर म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखा जबडा. तारेभोवती मिटवायचा, तारेला कापायचं नाही, सोलायचं नाही, आतून किती करंट जातोय ते पडद्यावर दिसतं. मी इस्त्रीच्या जाड वायरीभोवती नांगी मिटवली. पडद्यावर आलं शून्य. इस्त्री तापत होती, दिवा लागला होता, आणि मीटर म्हणत होता शून्य.

"दीदी!" मी जिन्यात ओरडले. "तुझी इस्त्री काहीच खात नाही! बाइज्जत बरी!"

वरून, पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून आईचा आवाज आला. "दोन्ही तारा एकदम पकडशील तर शून्यच दिसन. एकीतून जाते, दुसरीतून परत येते, मीटरले वाटते काही झालंच नाही. एक तार पकड, एक."

"एक कशी पकडू? वायर तर एकच आहे!"

आई खाली आली नाही. पण तिने कठड्यावरून पिशवीत घालून एक लाकडी पट्टी सोडली. तिच्या शिकवण्याच्या काळातली. एका टोकाला प्लग, दुसऱ्या टोकाला सॉकेट, आणि मधल्या दोन वीत जागेत तारा सुट्या, वेगवेगळ्या. मी एक तार नांगीत धरली. चार. अगदी बरोबर चार अँपिअर.

मला तेवढंच हवं होतं. इस्त्रीवरची पाटी घासून गुळगुळीत झाली होती, त्यावर किती वॉट ते वाचता येत नव्हतं. पण शाळेत एक सूत्र होतं, व्होल्टेज, करंट आणि रेजिस्टन्सचं. घरातली वीज दोनशे तीस व्होल्टची, हे तर शेंबड्या पोराला माहीत असतं. दोनशे तीस आणि चार. मी गुणाकार केला. नऊशे वीस! काय आकडा! मी आईला दाखवायलाही थांबले नाही. गुरुवारी सकाळी प्रत्येक दारातल्या वर्तमानपत्राच्या घडीत माझं पत्रक होतं:

'इस्त्रीचा रोध तब्बल नऊशे वीस ओहम! एवढा प्रचंड रोध असलेल्या यंत्रातून वीज वाहणार तरी किती? गरीब कष्टकरी महिलेला चोर ठरवणाऱ्यांनो, उत्तर द्या!'

उत्तर दिलं. शुक्रवारी. अध्यक्षकाका पूर्वी एका खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि लाल पेनाने शेरे मारण्यात त्यांची हयात गेलेली. माझं पत्रक फलकावर डकवलेलं होतं आणि समासात लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'रोध ९२० धरल्यास करंट = २३० भागिले ९२० = पाव अँपिअर. एवढ्यात कॉलर सोडा, हातरुमालही तापणार नाही. भागाकाराच्या जागी गुणाकार केला आहे. घरात आयटीआय असून ही अवस्था. गुण: शून्य.'

सगळ्यात वाईट काय, तर ते बरोबर होतं. मी चार अँपिअर स्वतः मोजले होते आणि स्वतःच सिद्ध केलं होतं की ते पावच आहेत. जिन्यात येणारा-जाणारा वाचून हसत होता. दीदी मात्र हसत नव्हती. तिचं टेबल तीन दिवस झाकलेलं होतं आणि ती नाल्याकाठची जागा बघून आली होती. "झाड़ तो है," ती म्हणाली, "फेर छाँव आधा है." सावली अर्धीच आहे. मला त्या लाल शेऱ्याहून ते जास्त लागलं. माझ्या मोठ्या आकड्याने तिचं भलं केलं नव्हतं, तिच्या बाजूचा एकमेव वकील मूर्ख आहे एवढं सिद्ध केलं होतं.

भाजी घेऊन येताना आईने फलक वाचला. पूर्ण वाचला, चष्मा लावून. वर आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "ये पोट्टी इकडे. बस."

मी बसले.

"रेजिस्टन्स म्हणजे काय? व्होल्टेजले करंटने भाग. गुणलं की पावर येते. तू जे नऊशे वीस काढले ते वॉट आहेत, ओहम नाहीत. कळलं?"

"कळलं."

"अन् तेही खोटे आहेत."

"काहून? गुणाकार तर बरोबर आहे!"

"चार तू मोजले. दोनशे तीस कोणी मोजले?"

"कोणी म्हणजे? सगळीकडे लिहिलेलं असते."

"तुझ्या त्या बसथांब्यावर बसचा टाइम लिहिलेला असते. बस येते का?"

रायपुरात मला गप्प करणारी हीच एक बाई आहे.

"ज्या सॉकेटवर चार मोजले, त्याच सॉकेटवर, त्याच वेळी व्होल्ट मोजायचे. एक आकडा मोजलेला अन् एक ऐकलेला, असं लग्न लावायचं नाही. आता तक्रार आणते का लेखी?"

या वेळी मी आणली. दीदीला वर घेऊन आले, आईने तिला पन्हं दिलं, मी कागद-पेन घेऊन बसले. पहिली ओळ लिहिली: 'कष्टकरी महिलेच्या पोटावर पाय.' आईने वाचून कागद परत केला. "याच्यात बिघाड कुठे आहे?" दुसऱ्यांदा लिहिलं: 'सत्ताधाऱ्यांनी प्लग काढला.' परत केला. "तिले विचार ना. इस्त्री कोण चालवते, तू का ती?"

मग मी विचारलं. लाज वाटते सांगायला, पण मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत इस्त्रीबद्दल दीदीला काही विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मी तिच्यासाठी लढत होते ना, तिच्याशी बोलायला वेळ कुठे होता.

दीदी म्हणाली, "होली के बाद से इस्त्री ठंडी चल रही है. पहले जितनी देर में चार कमीज होती थी, अब तीन होती है. और पंप चालू हुआ, तो और ठंडी. पंप बंद, फिर गरम."

आईच्या हातातला अडकित्ता थांबला. "पंप चला तो इस्त्री ठंडी होती है? ये किसी को बताया?"

"कोनो पूछिस कहाँ, मैडम."

कोणी विचारलंच कुठे. आईने माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर लिहिलं: 'होळीपासून इस्त्री कमी तापते. पंप चालला की आणखी कमी. पंप बंद केला की परत तापते.' कुठेही उद्गारचिन्ह नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात फिकं पत्रक. आईने त्यावर सही केली, तारीख घातली आणि कागद तक्रारींच्या फायलीत लावला. घरात तिने तक्रारींची फाइल ठेवली आहे हे मला तेव्हा कळलं.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"म्हणजे इस्त्री खाऊन नाही राहिली. इस्त्रीच उपाशी आहे. पंपही उपाशी आहे. दोघांच्या ताटातलं तिसरं कोणी खाऊन राहिलं."

रविवारची सभा पार्किंगमध्ये होती. मीटरची पेटीही तिथेच, म्हणजे सोयीचं झालं. खुर्च्यांवर कमिटी बसली होती, आणि तिला पाहून माझा सगळा राग एक मिनिटभर पळाला. मंगळवारपासून इस्त्री बंद. पाच दिवसांत अख्खी कमिटी चुरगळली होती. सचिवांचा शर्ट पाठीवर पापडासारखा, खजिनदारांच्या पँटला चार घड्या, त्यातल्या दोन आडव्या. आणि अध्यक्षकाकांचा कुडता असा, की जणू तो धुतल्यावर कोणीतरी त्यावर बसून पूर्ण जेवण केलं. चुरगळलेल्या सात माणसांनी गंभीर चेहऱ्याने विषय वाचला: इस्त्रीची जागा खाली करणे.

आई उठली. हातात मीटर, पायात रबरी चप्पल, पदर खोचलेला. "अध्यक्ष, माझ्याकडे एक लेखी तक्रार आली आहे. निर्णयाच्या आधी मोजून घेऊ."

"वहिनी, मोजायचं काय त्यात? प्लग काढला, पंप चालला. आँखों देखी बात है."

"डोळ्यांनी पाहिलं ना? मग आता पण तुम्हीच पाहा. आकडे तुम्ही वाचा. मी वाचले तर घरचे होतील, अन् आमच्या पोट्टीचे तर तुम्ही पाहिलेच."

सगळे हसले. मीही हसले, दुसरा इलाज नव्हता. मला तिने खडू दिला आणि फरशीवर लिहायला बसवलं.

पंप बंद. फक्त इस्त्री चालू. काकांनी चष्मा वर करून दीदीच्या सॉकेटवर वाचलं: दोनशे बारा व्होल्ट. नांगीत एक तार: चार अँपिअर.

"रेजिस्टन्स?" आईने मला विचारलं. भर सभेत. दहावीच्या तोंडी परीक्षेनंतर मला इतका घाम फुटला नव्हता.

"दोनशे बारा... भागिले चार. त्रेपन्न. ओहम."

"पावर?"

"दोनशे बारा गुणिले चार. आठशे अठ्ठेचाळीस. वॉट."

"भागाकार जमला," काका म्हणाले. मी खडू जरा जोरात दाबला.

मग आईने त्यांना मीटरच्या पेटीशी नेलं. वीज इमारतीत शिरते ती जागा. तिथे दोनशे वीस. मीटरपासून जिन्यापर्यंत अंतर किती? चाळीस पावलं. तेवढ्यात आठ व्होल्ट गेले कुठे?

"तारेत थोडे जातातच," काका म्हणाले. त्यांना विज्ञान येत होतं, हे मला मान्य करावं लागतं.

"जातात. एखाद-दोन. आठ नाही." आई माझ्याकडे वळली. "आठ व्होल्ट गायब, करंट चार. वाटेत जो कोणी बसला आहे त्याचा रेजिस्टन्स?"

"आठ भागिले चार. दोन ओहम."

"आता पंप लावा."

इस्त्री चालू असेल तर पंप सुटत नाही, हा तर आरोपच होता. म्हणून आधी पंप, मग इस्त्री. पंप फिरायला लागल्यावर दीदीने प्लग लावला. जिन्यातला दिवा पिवळा पडला. लोक कुजबुजले, "देखा, देखा." पेटीपाशी मोठ्या तारेवर दहा अँपिअर. तिथे व्होल्ट दोनशे वीसच. दीदीच्या सॉकेटवर दोनशे. काकांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"आता वीस गायब," मी न विचारताच म्हटलं. "वीस भागिले दहा... दोन! परत दोन!"

"परत दोन," आई म्हणाली. "पंप असो नसो, इस्त्री असो नसो, तो तिथंच बसला आहे अन् त्याचा आकडा बदलत नाही. इस्त्रीचा नाही तो, पंपाचाही नाही. मधल्या तारेत आहे. अन् खातो किती? वीस व्होल्ट, दहा अँपिअर."

"दोनशे वॉट," सचिव म्हणाले. त्यांनाही आता मजा येत होती.

"शंभराचे दोन जुने बल्ब. उजेड नाही, नुसती आग. पंप सुरू होताना तर करंट दहाच्या कितीतरी वर उसळते, तेव्हा हा आणखी ओढतो, अन् पंपाच्या वाट्याले जे उरते त्यात तो घुं घुं करत राहतो. इस्त्री काढली की थोडं वाचते, म्हणून पंप सुटते. जेवणात मीठ कमी पडलं म्हणून तुम्ही पंगतीतून एक पाहुणा उठवला. मीठ कोण सांडून राहिलं ते नाही पाहिलं."

"पण वहिनी, वास?" मागून ती बाई म्हणाली, वासवाली.

"वासाकडेच चालली मी."

तिने मुख्य स्विच पाडला, मीटरने खात्री केली, आणि तारेच्या मागे मागे गेली. चौकीदाराच्या झाडूंच्या मागे, प्लायवूडच्या फळीआड, तारेला एक जोड होता. वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. हिरव्या रंगाची. पट्टी वितळून लोंबत होती, आणि तिने ती सोलली तेव्हा आतली तांब्याची तार काळी, कोळशासारखी. दोन तारा नुसत्या हाताने पिळून एकमेकींना बांधलेल्या. वास आला, तोच, रबर जळल्याचा. वासवाली बाई म्हणाली, "हव, हाच."

"हा जोड कोणाचा?" आईने विचारलं.

हिरवी पट्टी सगळ्यांना आठवत होती. होळीला पार्किंगमध्ये गाणी लावायला लाइन ओढली होती, काळी पट्टी संपली होती, आणि अध्यक्षकाका म्हणाले होते, "इलेक्ट्रिशियन कशाला बोलवता, मला येतं." स्टुलावर चढून त्यांनी स्वतः पिळली होती. आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या. मी पण.

मी तोंड उघडलं. पत्रकाची पहिली ओळ जिभेवर तयार होती. आईने माझ्या पायावर पाय दिला, जोरात, आणि काकांना म्हणाली, "पहिल्या वर्षाचे पोट्टे असाच जोड करतात. त्यांना मी सोडायला लावते अन् परत करायला लावते. धरा ही टॉर्च."

काकांनी टॉर्च धरली. तिने काळं कापून टाकलं, ताजी तार सोलली, पितळेच्या जोडणीत दोन्ही टोकं घालून पेच आवळले, वरून पेटी बसवली. मुख्य स्विच चढवला. इस्त्री लावली, आणि मग, मुद्दाम, इस्त्री चालू असतानाच पंपाचं बटण दाबलं. पंप सुटला, एकदाही घुं न करता. काकांनी सॉकेट वाचलं: दोनशे एकोणीस. दिवा पांढरा. दीदीने तर्जनीला थुंकी लावून इस्त्रीला टेकवली, चर्र झालं, आणि पहिल्यांदा पाच दिवसांत ती मोकळी हसली. "अब बने तात हे." आता बरी तापली.

जागा वाचली. विषय मागे घेतला. दीदीने तिथेच टेबलावरची चादर काढली आणि सभा संपायच्या आधी रांग लागली, खजिनदार सगळ्यात पुढे. अध्यक्षकाका वर जाऊन एक पिशवी घेऊन आले आणि ती त्यांनी टेबलावर ठेवली, कोणाकडे न बघता. दीदीने पिशवी उचलली, ढिगाच्या सगळ्यात खाली सरकवली आणि म्हणाली, "नंबर से होही, भैया."

इथे ही गोष्ट संपली असती तर मी हे लिहिलं नसतं. सोमवारी मी सभेची नोंदवही पाहिली. त्यात लिहिलं आहे: 'पंपाच्या लाइनमधील तांत्रिक बिघाड दूर करण्यात आला. इस्त्रीस पुन्हा परवानगी देण्यात येत आहे.' परवानगी! जिने काही केलंच नाही तिला परवानगी! आणि एक पान मागे, मंगळवारच्या नोटिशीची नोंद तशीच: 'जिन्याखालील इस्त्रीमुळे व्होल्टेज पडतो.' निळ्या शाईत, ठळक, अध्यक्षांच्या सहीसकट. मी काकांकडे गेले. ते म्हणाले, "बेटा, लिहिलेलं रजिस्टर खोडत नाहीत. नियम आहे. जागा मिळाली ना तिला? मग आता काय?"

मी दीदीला विचारलं, आता काय. या वेळी आठवणीने विचारलं. ती इस्त्री फिरवत राहिली, काकांचाच कुडता होता, आणि म्हणाली, "जगह तो ठीक हे, नोनी. फेर ओमा लिखे हे न, के मोर इस्त्री के सेती होइस. कल कोनो दूसर अध्यक्ष आही, ओ पढ़ही. ओला मिटवा दे." माझ्या इस्त्रीमुळे झालं असं त्यात लिहिलंय, उद्या दुसरा अध्यक्ष येईल, तो तेच वाचेल. तिला माफी नको होती. तिला ती ओळ पुसून हवी होती.

आईने त्यावर तोडगा काढला आहे. खोडायचं नसेल तर खाली लिहा, ती म्हणते: दोनशे वीस, दोनशे, दहा, आणि जोड कोणी केला. चार गोष्टी, एक ओळ. काका विचार करतो म्हणाले. दर सोमवारी मी जाते, ते विचार करत असतात. मी सोडणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

पण आमचं रजिस्टर आम्ही बघू. तुम्ही तुमचं बघा. तुमच्या सोसायटीत, शाळेत, कार्यालयात अशी एक वही नक्की आहे आणि तिच्यात कोणाच्या तरी नावावर न मोजता लिहिलेली एक ओळ आहे. कामवालीमुळे, चौकीदारामुळे, भाडेकरूमुळे. उद्या सकाळी जा, ती वही मागा, ती ओळ शोधा, आणि ज्याने कोणी सही केली त्याला सगळ्यांसमोर विचारा: किती होतं, कुठे मोजलं, कोणी वाचलं? उत्तर नसेल तर त्याच्याच पेनाने, त्याच्याच हातून, तिथेच खाली खरं लिहून घ्या. लिहून होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.